धनिकाचे शहाणपण आणि आपला सोवळेपणा

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण चांदीच्या नाण्याला हळदकुंकू वाहतो, नव्या वहीवर स्वस्तिक काढतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फराळाचे ताट बाजूला सारून दिवाळी अंक उघडतो व धनलोभाने माणूस कसा रसातळाला चालला आहे याविषयीचा लेख चवीने वाचतो. या दोन कृत्यांत काही विसंगती आहे, असे आपल्याला कधी वाटत नाही. पैसा पूजेला चालतो. विचाराला चालत नाही. पैशाविषयी विचार करणे हे वाण्याचे, दलालाचे, फार तर बँकेतल्या कारकुनाचे काम. सुशिक्षित मराठी माणसाने पैसा मिळवावा, घरात ठेवावा, मुलाच्या शिक्षणाला लावावा. पण त्याविषयी चार माणसांत गंभीरपणे बोलू नये, असा आपला एक सोवळेपणा आहे. मला आज या सोवळेपणाविरुद्ध लिहावयाचे आहे.

निमित्त आहे एका अमेरिकन गुंतवणूकदाराचे. चार्ली मंगर हे त्याचे नाव. १ जानेवारी १९२४ रोजी तो ओमाहा गावी जन्मला आणि २८ नोव्हेंबर २०२३ रोजी, शंभरी पुरी व्हावयास अवघा महिनाभर उरला असता, वारला. वॉरन बफे यांचा तो भागीदार, आणि बर्कशायर हॅथवे या कंपनीचा १९७८ पासून अखेरपर्यंत उपाध्यक्ष. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे त्याच्या भक्तांचा एक पंथच निघाला आहे. त्याची वचने रोज सकाळी दूरध्वनीच्या पडद्यावर येतात. त्याच्या नावाने शिकवण्या चालतात. ‘श्रीमंत कसे व्हावे’ या छापाच्या पुस्तकांत तो हटकून असतो. मी हा विषय काढताच माझे साहित्यप्रेमी मित्र नाक मुरडतात. ‘सट्टेबाजाकडून आम्ही नीती शिकावयाची काय?’ असे ते विचारतात.

माझे भांडण या दोन्ही पक्षांशी आहे. कारण दोघांची चूक एकच आहे. भक्त म्हणतो, इतका श्रीमंत झाला त्याअर्थी तो शहाणा असलाच पाहिजे. माझा मित्र म्हणतो, इतका श्रीमंत झाला त्याअर्थी तो शहाणा असूच शकत नाही. तो काय म्हणाला हे दोघांपैकी एकानेही तपासून पाहिलेले नाही. दोघांनी फक्त त्याची थैली पाहिली.

तो काय म्हणाला ते आधी पाहू. महायुद्धात तो अमेरिकेच्या हवाई दलात हवामानाचे अंदाज सांगण्याच्या कामावर होता. पुढे कोणतीही पदवी हाती नसताना हार्वर्डच्या कायदा महाविद्यालयात शिरला आणि १९४८ साली सन्मानाने उत्तीर्ण झाला. पहिला संसार मोडला. १९५५ साली नऊ वर्षांचा मुलगा रक्ताच्या कर्करोगाने गेला. उतारवयाच्या उंबरठ्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फसून एक डोळा गेला. बफे यांची गाठ १९५९ साली पडली. वकिली करता करता तो गुंतवणुकीकडे वळला. हे सांगतो ते सहानुभूती मिळविण्यासाठी नव्हे. ज्याला आपण नशीबवान धनिक म्हणून झटकून टाकतो त्याच्या आयुष्यात, नशिबाला दोष देत बसण्याइतके दुःख होते, एवढेच ध्यानात असावे.

त्याच्या विचाराचे पहिले सूत्र म्हणजे उलटा विचार. कार्ल याकोबी या जर्मन गणितज्ञाकडून त्याने ते घेतले. अवघड प्रश्न सरळ सुटत नसेल तर तो उलटा करून पाहावा. सुखी कसे व्हावे हे कळत नसेल तर दुःखी होण्याचा हमखास मार्ग कोणता ते शोधावे आणि तो टाळावा. १९८६ साली, आपली मुले ज्या शाळेत शिकली त्या शाळेच्या पदवीदान समारंभात त्याने नेमके हेच भाषण केले. मुलांना यशाची गुरुकिल्ली देण्याऐवजी त्याने आयुष्य खात्रीने कसे नासवावे याची कृती सांगितली: दिलेला शब्द पाळू नका, दुसऱ्याच्या अनुभवापासून काही शिकू नका, पहिल्या ठेचेसरशी आडवे पडा आणि आडवेच राहा. आपल्याकडच्या गुणगौरव समारंभांत भविष्याच्या उंच भराऱ्यांवर जी भाषणे होतात ती ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना या भाषणाचे मोल सांगावयास नको.

दुसरे सूत्र यापेक्षा महत्त्वाचे. १९९५ साली हार्वर्डमध्ये त्याने मनुष्याच्या चुकीच्या निर्णयांचे मानसशास्त्र या विषयावर व्याख्यान दिले आणि पुढे ते वाढवून पंचवीस प्रवृत्तींची एक यादी केली. माणूस मूर्ख असतो म्हणून चुकतो असे नव्हे. ज्यात आपला लाभ ते आपल्याला खरे वाटू लागते. ज्याने आपल्यावर उपकार केला त्याला नकार देववत नाही. जो आवडतो त्याचे दोष दिसत नाहीत. चारचौघे करतात ते बरोबर वाटते. एकदा तोंडातून गेलेला शब्द फिरविणे जिवावर येते. अशा प्रवृत्ती एकेकट्या असताना माणूस सावरतो. पण चार-पाच प्रवृत्ती एकाच दिशेने ओढू लागल्या की भल्याभल्यांची बुद्धी वाहून जाते. त्याचे खरे म्हणणे हे आहे, आणि हे सारे पैशाविषयी नाहीच. ते आपल्या सभा, मंडळे, संस्था, घरे आणि लग्ने यांविषयी आहे.

येथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाहीतर हा लेख म्हणजे परोपदेश होईल. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा मी काही वर्षे विश्वस्त होतो. वाचनालयाच्या इमारत निधीत आणि सेवकांच्या ग्रॅच्युइटीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेत मिळून अठरा लाख रुपये होते. ते एका राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवलेले होते. गावातल्या एका पतसंस्थेचे अध्यक्ष वाचनालयाचे हितचिंतक होते. वार्षिक व्याख्यानमालेचा खर्च तेच उचलीत. ग्रंथपालांच्या खोलीतली दोन कपाटे त्यांनीच दिलेली. पतसंस्था बँकेपेक्षा दोन टक्के व्याज जास्त देत होती. रक्कम तिकडे हलवावी असा ठराव आला. चहा-चिवड्यासकट सभा वीस मिनिटे चालली. आमच्यातला एक सभासद किराणा दुकान चालवी. त्याने एकच प्रश्न विचारला: ‘हे जादा दोन टक्के ते आणणार कुठून?’ कोणीतरी हसून म्हणाले, ‘शेठ, हे दुकान नव्हे!’ आणि सगळे हसले. मीही हसलो.

मी त्या वेळी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवीत होतो.

चार वर्षांनी पतसंस्थेच्या दाराला कुलूप लागले. बँकेतल्या ठेवीला विम्याचे काही संरक्षण असते. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते. ही गोष्ट आम्हा अकरा विश्वस्तांपैकी एकालाही ठाऊक नव्हती आणि एकानेही विचारली नव्हती. इमारत राहिली, त्याचे मला फारसे दुःख नाही. पण त्याच वर्षी आमचे ग्रंथपाल एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले. त्यांना आम्ही शाल, श्रीफळ आणि एक मानपत्र दिले. ग्रॅच्युइटी देता आली नाही. मानपत्राचा मजकूर मीच लिहिला होता.

आता मंगरची यादी घ्या आणि त्या सभेवर ताडून पाहा. कपाटांचा उपकार होता. अध्यक्षांविषयी आदर होता. दहा माणसांचे एकमत होते. जादा व्याजाचा लाभ होता. आणि प्रश्न विचारणारा दुकानदार होता, म्हणून त्याचे न ऐकण्याची सवड होती. आमच्यापैकी कोणी लबाड नव्हता. कोणी एक पैसा खाल्ला नाही. आम्ही सारे सज्जन होतो, आणि सज्जनपणानेच आम्ही एका म्हाताऱ्या माणसाचे पैसे बुडविले. तर्कशास्त्र शिकवून मला जे कळले नव्हते ते त्या दुकानदाराला कळत होते, कारण पैसा कोठून येतो हा प्रश्न विचारण्याची त्याला लाज वाटत नव्हती. मला वाटत होती. यालाच मी सोवळेपणा म्हणतो.

यावर माझे मित्र म्हणतील, ही फार तर व्यवहारचातुर्याची गोष्ट झाली. नीती कोठे आली? तर ऐका. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत बचत-कर्ज संस्थांचा मोठा घोटाळा झाला. ठेवींची हमी सरकारची, आणि जुगार संस्थांच्या चालकांचा, असा तो प्रकार होता. जिंकलो तर नफा आमचा, हरलो तर सरकार भरील. या संस्थांची एक बलाढ्य संघटना होती. हिशेबाचे नियम सैल राहावेत, दिवाळखोर संस्था बंद करण्यासाठी विमा निधीला पुरेसा पैसा मिळू नये, यासाठी ती संसदसदस्यांवर वजन टाकीत असे. मंगरच्या ताब्यातली कॅलिफोर्नियातील अशीच एक संस्था त्या संघटनेची सभासद होती. मे १९८९ मध्ये त्याने राजीनामा दिला, आणि तो मुकाट्याने दिला नाही. संघटनेने सरकारची दीर्घकाळ दिशाभूल केली आहे आणि तिने जाहीर क्षमा मागावयास हवी, असे त्याने पत्रात लिहिले व ते पत्र जगजाहीर केले. त्या घोटाळ्यापायी अमेरिकन करदात्यांना पुढे शंभर अब्ज डॉलरांहून अधिक भुर्दंड पडला.

आमच्या वाचनालयाच्या सभेत मला राजीनामा द्यावयाचा नव्हता. फक्त ‘यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत ठराव तहकूब ठेवावा’ एवढे सात शब्द उच्चारावयाचे होते. ते मी उच्चारले नाहीत. नीतीवर मी किमान तीस व्याख्याने दिली असतील. तेव्हा सट्टेबाजाकडून नीती शिकावयाची काय, या प्रश्नाला माझे उत्तर असे की, माझ्यासारख्या नीतीच्या अध्यापकाकडून ती शिकण्यापेक्षा तरी बरे.

पण म्हणून मी भक्तांच्या दिंडीत जाऊन उभा राहणार नाही. भक्तांना त्यांच्या देवाचे पायही मातीचेच आहेत हे सांगणे प्राप्त आहे. ज्या माणसाने चुकीच्या निर्णयांची यादी केली, तो स्वतः त्या यादीतून सुटला नाही. सांता बार्बरा येथील विद्यापीठाला त्याने वसतिगृहासाठी २० कोटी डॉलर देऊ केले. अट एवढीच, की आराखडा माझाच असावा. अकरा मजले, सुमारे साडेचार हजार विद्यार्थी, आणि त्यांच्या खोल्यांपैकी ९४ टक्के खोल्यांना खिडकीच नाही! मुलांनी खोलीत कोंडून न घेता बाहेर एकत्र बसावे हा त्यामागचा हेतू. २०२१ साली विद्यापीठाच्या समितीवरील एका वास्तुतज्ञाने या आराखड्याच्या निषेधार्थ समिती सोडली. २०२३ साली विद्यापीठाने तो आराखडाच सोडून दिला. ज्याच्या हाती फक्त हातोडा असतो त्याला सगळीकडे खिळेच दिसतात, ही म्हण मंगर आयुष्यभर सांगत आला. स्वतःच्या हातातला पैशाचा हातोडा मात्र त्याला दिसला नाही. श्रीमंत माणसाला ‘नाही’ म्हणणारे आजूबाजूला उरत नाहीत, हे त्याच्याच यादीत बसणारे सत्य आहे.

तीच गोष्ट पैशाची. १९७३ आणि १९७४ या लागोपाठच्या दोन वर्षी त्याच्या भागीदारी संस्थेने प्रत्येकी सुमारे ३१ टक्क्यांहून अधिक मार खाल्ला. म्हणजे शंभर रुपयांचे दोन वर्षांत सत्तेचाळीसच्या आसपास उरले. पुढे, नव्वदी ओलांडल्यावर, २०२१ साली त्याने आपल्या दुसऱ्या एका कंपनीमार्फत अलीबाबा या चिनी कंपनीचे समभाग घेतले, त्यांतले काही कर्ज काढून. वर्षभरात निम्मे विकावे लागले. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या चुकांपैकी ही एक, असे त्याने २०२३ साली भागधारकांपुढे उघड सांगितले. भक्त हे सांगत नाहीत. मला मात्र त्याच्या सगळ्या वचनांपेक्षा ही कबुली अधिक मोलाची वाटते. आमच्या अकरा विश्वस्तांपैकी आजवर कोणी अशी कबुली दिलेली नाही. मी ती आज प्रथमच देत आहे.

आणखी एका बाबतीत मी त्याच्याशी सहमत नाही. प्रामाणिकपणा हाच अखेर अधिक फायद्याचा, असे तो सांगे. हे खरे असते तर जगात लबाडांची संख्या इतकी नसती. प्रामाणिकपणा पुष्कळदा तोट्याचा असतो, आणि तो तोटा सोसण्याची तयारी असेल तरच त्याला नीती हे नाव शोभते. शिवाय ज्या काळात आणि ज्या देशात हा माणूस गुंतवणूक करीत होता, त्या काळी त्या देशाची भरभराटच होत होती. हेच शहाणपण घेऊन एखादा माणूस १९२४ साली दुष्काळी मुलुखातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी जन्मता, तर त्याचे शहाणपण कोणाच्या कानी पडले असते? नशिबाचा वाटा नाकारणे हीही एक चुकीची प्रवृत्तीच आहे.

तथापि भक्तांवर माझा खरा राग वेगळ्याच कारणासाठी आहे. ते या माणसाचे नाव घेतात आणि त्याच्या नेमके उलट वागतात. निर्णय थोडे घ्या, जे कळत नाही त्यात हात घालू नका, वर्षानुवर्षे स्वस्थ बसण्याची तयारी ठेवा, हे त्याचे सांगणे. १९७२ साली त्याने आणि बफे यांनी मिठाईच्या दुकानांची एक कंपनी अडीच कोटी डॉलरना घेतली आणि ती नंतर विकलीच नाही. आपल्याकडे काय चालले आहे? सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत समभागांच्या फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक. शंभरांतले त्र्याण्णव! पत्त्यांच्या अड्ड्यावर याहून बरी स्थिती असेल. आणि या अड्ड्याच्या दारावर मंगरची तसबीर लावून शिकवण्यांची फी घेणारे जे महाभाग आहेत, त्यांना त्याचाच प्रश्न विचारावा: तुमचा लाभ कशात आहे? व्यापारात, की आमच्या फीत?

आता कोणी विचारील, हे सारे शिकण्यासाठी ओमाहापर्यंत कशाला जावयाचे? प्रश्न योग्य आहे. लोकहितवादींनी १८४८ पासून शतपत्रांतून आपल्या अर्थविषयक अज्ञानाचे वाभाडे काढले, आणि ‘लक्ष्मीज्ञान’ या नावाचे पुस्तकही लिहिले. जोतीराव फुले ठेकेदारीचा व्यवसाय करीत होते आणि त्या कमाईचा पैसा त्यांनी समाजकार्यात घातला. पैसा मिळविणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढून प्रत्येक रूढी बुद्धीच्या कसोटीवर घासावयास सांगितले. ही परंपरा आपलीच आहे. पण आपण लोकहितवादींचे फक्त पुतळे केले, फुल्यांचा ठेकेदार विसरलो, आणि आगरकरांची कसोटी दुसऱ्यांच्या रूढींना लावली. स्वतःच्या सभेत, स्वतःच्या ठरावाला, स्वतःच्या आवडत्या अध्यक्षांना ती कधी लावली नाही. बुद्धी ही दुसऱ्याला तपासण्याचे साधन आहे अशी आपली समजूत. ती आधी स्वतःला फसवते, हे ध्यानात आणून देण्याचे काम या परक्या धनिकाने केले. त्याचे ऋण मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही.

आणि तुकोबांची ती कथा? सावकारीची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पैशाला तुच्छ लेखणाऱ्या संताचे उदाहरण म्हणून आपण ती सांगतो. पण परंपरा आणखी एक गोष्ट सांगते, आणि ती आपण सोयिस्करपणे गाळतो. बुडविण्यापूर्वी त्यांनी खतांच्या वाटण्या केल्या. धाकट्या भावाची निम्मी खते त्याच्या हवाली केली, आणि फक्त आपल्या वाट्याची बुडविली. वैराग्य स्वतःच्या पैशाचे. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब चोख. पैशाविषयीची नीती यापेक्षा थोडक्यात कोणी सांगितली असेल असे मला वाटत नाही. आम्ही वाचनालयाचे विश्वस्त बरोबर याच्या उलट वागलो. आमचे स्वतःचे पैसे आम्ही राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवले होते.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. ज्या संस्थेत दुसऱ्याचा पैसा आहे, मग ती वाचनालय असो, गृहनिर्माण संस्था असो, देवस्थान असो की नाट्यमंडळ, तिच्या सभेत पैशाचा ठराव आला की एका सभासदाकडे मुद्दाम विरोधाचे काम द्यावे आणि त्याचे म्हणणे इतिवृत्तात लिहून घ्यावे. ठरावाने कोणाचा लाभ होणार आहे, हे मांडणाऱ्याने आधी सांगावे. ज्याचे उपकार संस्थेवर आहेत त्याच्याशी होणारा व्यवहार त्याच बैठकीत मंजूर करू नये. आणि हसण्यावारी नेलेला प्रश्न पुढच्या सभेत सर्वांत आधी घ्यावा. यात मोठे तत्त्वज्ञान नाही. मंगरही याहून फार निराळे काही सांगत नव्हता.

आमचे ग्रंथपाल अजून वाचनालयात येतात. सकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसतात. त्यांच्या रकमेपैकी काही मी दर महिन्याला थोडी थोडी देतो. ते घ्यावयास तयार नव्हते. हे दान नसून देणे आहे, हे त्यांना पटवावयास मला तीन भेटी लागल्या. अजून पुष्कळ बाकी आहे. यंदा लक्ष्मीपूजनाला नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी तीच बाकी मांडणार आहे.